रेस्पिरेटरी थेरपीच्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्र : मनापासून करायचं की नुसतं पास व्हायचं?

मानसी_बावडा
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातच बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. कोर्स कशाचा ते पाहुण्यांना सांगताना "फुफ्फुसाचं आणि व्हेंटिलेटरचं शिक्षण" असं सांगते, तेवढ्यात समजतं लोकांना.

तर आमच्याकडं ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, ऑक्सिजन थेरपी, एबीजी (धमनीच्या रक्तातले वायू आणि आम्लता बघायची तपासणी) हे सगळं आहेच, पण त्याच्या जोडीला समाजशास्त्राची ओळख असा एक पेपर पण आहे. आणि दोन्हीच्या इंटर्नल एकाच आठवड्यात आल्यात. अर्धा वर्ग म्हणतोय सिनियरच्या नोट्स झेरॉक्स मारा, पाच प्रश्न पाठ करा आणि विषय सोडून द्या. मला मात्र दुर्खीम हा समाजशास्त्रज्ञ वाचताना खरंच आवडायला लागलंय, म्हणजे आत्महत्येसारखी इतकी खाजगी गोष्ट, आणि हा माणूस १८९७ साली आकडे मांडून दाखवतो की ती समाजाच्या बांधणीवर पण अवलंबून असते. पण तिकडं एबीजी अजून डोक्यात बसत नाहीये ही पण खरी गोष्ट आहे.

शिवाय समाजशास्त्राला प्रोजेक्ट आहे : आपल्या परिसरातलं आजारपणाचं एक उदाहरण घ्या आणि समाजशास्त्राच्या नजरेतून लिहा. विषय सुचत नाहीये.

जे कोणी प्रत्यक्ष वॉर्डात काम करतात त्यांनी सांगा. ह्याचा पुढं उपयोग होतो का? आणि एबीजीला सुरुवात कुठून करू?

पंड्या_शाहूपुरी
झेरॉक्स मार आणि व्हेंटिलेटर शिक. मी आयसीयूत टेक्निशियन आहे. रात्री पेशंटची सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) पडत असते तेव्हा दुर्खीम येत नाही मदतीला. पहिल्या वर्षात गॅस, सिलिंडर, मास्क, सक्शन हे पक्कं कर. बाकी सगळं नंतर.

निशा_आरटी
मानसी, आधी एबीजीचं सांगते, पंड्यादादांच्या मुद्द्यावर नंतर येते.

चार आकडे नुसते पाठ नाही करायचे, अंगात भिनवायचे. पीएच ७.३५ ते ७.४५. सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, रक्तातला दाब ३५ ते ४५. बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, २२ ते २६. ऑक्सिजनचा दाब साधारण ८० ते १००. आता रिपोर्ट हातात आला की पहिलं पीएच बघायचं, आम्लाकडं गेलंय की अल्कलीकडं. मग त्या दिशेला कोण ओढतंय ते शोधायचं. सीओटू हा फुफ्फुसाच्या हातात, बायकार्ब किडनीच्या हातात. फुफ्फुस मिनिटांत बदल करतं, किडनीला पूर्ण भरपाई करायला दोन-तीन दिवस तरी लागतात. इथंच सगळी गंमत आहे.

दोन पेशंट समोर आण. दोघांचाही सीओटू ६०. पहिल्याचा पीएच ७.२८, बायकार्ब २७. दुसऱ्या बाईंचा पीएच ७.३५, बायकार्ब ३२. सीओटू एकच, पण पहिल्याचं आत्ता बिघडलंय, किडनीला सावरायला वेळच मिळालेला नाही. त्याच्याजवळनं हलायचं नाही. दुसऱ्या बाईंचं शरीर कित्येक महिने ह्या सीओटूशी जुळवून घेऊन बसलंय. तिथं "सीओटू ६०!" म्हणून घाबरून धडाधड ऑक्सिजन वाढवलास तर उलट नुकसान करशील. सीओपीडीत (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात तो जुनाट आजार) सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवायची, ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा व्हेंच्युरी मास्क २४ किंवा २८ टक्क्यांचा लावायचा, आणि परत गॅस बघायचा.

आणि कोल्हापूरच्या पोरांसाठी एक. पुस्तकात वातावरणाचा दाब ७६० (पाऱ्याचे मिलिमीटर) धरून गणित सोडवलेलं असतं, तो समुद्रसपाटीचा. आपण साधारण साडेपाचशे मीटर वर आहोत, इथं तो ७१० च्या आसपास येतो. अल्व्हिओलर गॅसचं समीकरण, म्हणजे वायुकोशातला ऑक्सिजन काढायचं गणित, ७१० घालून कर, धडधाकट माणसाच्या वायुकोशातला ऑक्सिजन १०० च्या ऐवजी ९० च्या जवळ येतो. एकदा स्वतः करून बघ, समीकरण परत विसरणार नाहीस.

आता समाजशास्त्र. त्या दुसऱ्या बाई आहेत ना, त्यांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. मग सीओपीडी कुठनं आला? हे एबीजी सांगत नाही. ते विचारावं लागतं, आणि काय विचारायचं ते माहीत असावं लागतं.

पेठेतला_फुटबॉल
निशाताई, मिसळ हाणल्यावर पीएच किती खाली जातो ते पण सांगा की 😄

निशा_आरटी
@पेठेतला_फुटबॉल रक्ताचा काही हलत नाही हो, शरीर लई काटेकोर आहे त्या बाबतीत. पोटातल्या जळजळीचा धागा वेगळा काढा.

विद्या_समाज
मी समाजशास्त्र शिकवते, आरोग्य शाखेच्या मुलांना पण शिकवलंय, त्यामुळं मानसी, तुझा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो.

आमच्याकडूनही हा विषय बऱ्याचदा चुकीच्या टोकाने सुरू होतो. पहिला तास ऑगस्त कोंत, दुसरा तास व्याख्या, तिसरा तास समाजशास्त्राचे इतर शास्त्रांशी संबंध. पोरं तिथंच झोपतात. तुम्हा लोकांना खरं तर पार्सन्स ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञापासून सुरू करायला पाहिजे. १९५१ मध्ये त्याने आजारी माणसाची भूमिका मांडली. आजारी असणं ही नुसती शरीराची अवस्था नाही, समाज त्या माणसाला काही सवलती देतो आणि काही अटी घालतो. सवलती दोन : नेहमीच्या कामातून सुटका, आणि आजाराबद्दल दोष न देणं. अटी दोन : बरं व्हायची इच्छा पाहिजे, आणि जाणकाराकडे जाऊन त्याचं ऐकलं पाहिजे.

आता हे घेऊन तुझ्या वॉर्डात जा. ऊस तोडायला आलेल्या जोडीतल्या बाईला "कामातून सुटका" ही सवलत कोण देणार? ती झोपली तर कोयता (म्हणजे ती जोडी) अर्धा होतो, आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. घरातल्या सुनेला दम लागतो तेव्हा किती दिवस सुटका मिळते? आणि सीओपीडी तर बराच होत नाही, मग "बरं व्हायची अट" ती कशी पाळणार? पार्सन्सवर जी टीका झाली ती नेमकी इथं झाली, की त्याची मांडणी चार दिवसांच्या तापाला बसते, आयुष्यभराच्या आजाराला बसत नाही. आणि तुमच्या शाखेतले निम्मे पेशंट आयुष्यभराचे असतात.

एवढा एक मुद्दा उदाहरणासकट लिहिलास तरी तुझा पेपर झेरॉक्सवाल्यांपेक्षा वेगळा दिसेल.

पंड्या_शाहूपुरी
मॅडम तुमचा आदर आहे, पण मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. तुम्ही म्हणता ते सगळं डॉक्टरनं, समाजसेवा अधीक्षकानं बघायचं. आमच्याकडं एका माणसावर किती बेड असतात बघा एकदा येऊन. टेक्निशियनला कोण विचारतंय सुनेला सुटका मिळते का नाही. पोरीनं आत्ता हातात कला घ्यावी. ऑक्सिजनची नळी निघाली तर कळायला पाहिजे, प्लॅटो प्रेशर (श्वास भरल्यावर फुफ्फुसातला दाब) ३० च्या वर गेलं तर कळायला पाहिजे. ते नाही कळलं तर माणूस जातो.

गडहिंग्लजकर
पंड्याभाऊंचं बरोबर आहे, पण अर्धंच बरोबर आहे. माझ्या आईचं सांगतो. आई दवाखान्यात गेली की विचारायचे, घरी गॅस आहे का? आहे. मग चुलीवर टिक करायची नाही, संपलं. अहो गॅस आहेच की, चहा आणि आमटी गॅसवर. पण भाकरी चुलीवर, आंघोळीचं पाणी बंबात आणि जनावरांचं आंबोण परड्यातल्या चुलीवर. रोज पहाटे धूर आहेच. एका नवीन पोरीनं, थेरपिस्टच होती ती, आईला विचारलं "मावशी, पाणी कशावर तापवता?" तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं. आता सोलर बसवलाय. खोकला पूर्ण गेला नाही पण पहिल्यासारखा जिवाला लागत नाही.

तो प्रश्न त्या पोरीला कुठल्या मशीननं शिकवला असेल?

इचलकरंजीचा_सूत
गडहिंग्लजकर 👌 असंच आमच्याकडचं सांगतो. आमचे काका सूतगिरणीत कार्डिंग (कापूस पिंजायच्या) खात्यात होते. कापसाच्या धुळीनं होतो तो बिसिनोसिस. पुस्तकात लिहिलेलं असतं की सोमवारी छाती आवळते आणि आठवडा जाईल तसं कमी होतं, कारण रविवारच्या सुट्टीनंतर पहिल्यांदा परत धूळ लागते. आता परीक्षेत "सोमवार" लिहिलं की मार्क मिळतात. पण ज्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारची त्याला त्रास मंगळवारी होणार की! काकांना कुणीतरी विचारलं सोमवारी जास्त होतं का, काका म्हणाले नाही. संपली केस. "सुट्टीवरनं परत गेल्यावर पहिल्या दिवशी कसं वाटतं" असं विचारायला पाहिजे होतं.

म्हणून मानसी, कोण कधी कामाला जातो, पाळी कुठली, सुट्टी कुठली, हे सगळं तुझ्या अभ्यासातच आहे असं समज.

मानसी_बावडा
बापरे, हे सोमवारचं आम्हाला परवाच शिकवलं आणि मी सोमवार म्हणूनच पाठ केलंय! इचलकरंजीदादा, हे प्रोजेक्टमध्ये वापरू का?

इचलकरंजीचा_सूत
वापर की. फक्त कुणाचं नाव घालू नको.

मोल्डिंगशॉप
मी शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर. फौंड्रीचा, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याचा, विषय अजून कुणी काढला नाही म्हणून लिहितो. वाळूचं मोल्डिंग (साचे करणं), नॉकआऊट (साचा फोडून नग काढणं), फेटलिंग (नग घासून साफ करणं), सगळीकडं सिलिकाची धूळ. आम्ही मास्क देतो. पेटीनं आणून ठेवतो. पोरं घालत नाहीत. गळ्यात अडकवतात नाहीतर खिशात. आता ह्यात समाज काय करणार? ज्याचं त्याला कळायला पाहिजे ना.

तिसंगीची_लेक
@मोल्डिंगशॉप दादा, माझे वडील फेटलिंगला होते म्हणून बोलते, राग मानू नका. ते ठोक्यावर होते, जेवढे नग तेवढे पैसे. भट्टीच्या बाजूला उन्हाळ्यात तो मास्क लावून ग्राइंडर धरून बघा. श्वास कोंडतो, हात मंदावतो, नग कमी होतात. मास्क काढला की पगार वाढतो आणि घातला की कमी होतो, मग माणूस काय करेल? आणि पेटीतला तो कापडाचा नाहीतर पातळ साधा मास्क सिलिकाला काही अडवत नाही. बारीक धूळ आत जाते तीच घातक.

वडिलांना आधी टीबी म्हणून औषधं दिली. एक्स-रे बघून "काम काय करता" हे विचारायला खूप उशीर झाला.

डॉक्टर_छाती
@तिसंगीची_लेक वाईट वाटलं वाचून. ह्यात वैद्यकीय गोष्ट अशी की सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार) असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही बराच जास्त असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असू शकतात, आणि एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबायचं नसतं.

मानसीसाठी : कामगारांच्या आरोग्याच्या कायद्यात कळवायच्या आजारांची यादी आहे (२०२५ पर्यंत ती कारखाने अधिनियम १९४८ मध्ये होती), त्यात सिलिकोसिस आणि बिसिनोसिस दोन्ही आहेत. म्हणजे असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने सरकारला कळवणं बंधनकारक आहे. पण कामाचा इतिहासच कुणी घेतला नाही तर कळवणार काय? स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजायची तपासणी) करताना थेरपिस्ट पेशंटशी बराच वेळ बोलत असतो, ओपीडीत मला तेवढा वेळ मिळत नाही. आत्ताचं काम, त्याआधीचं काम, आणि लहानपणापासूनची सगळी कामं विचारायची सवय आत्ताच लाव. सिलिका दहा-वीस वर्षांनी त्रास दाखवते, तोपर्यंत माणूस रिक्षा चालवत असतो आणि व्यवसाय "रिक्षा" लिहिला जातो.

@मोल्डिंगशॉप मास्क हा शेवटचा उपाय असतो. आधी धूळ उडूच नये हे बघायचं : ओलं करून काम, धूळ ओढून घेणारी यंत्रणा, फेटलिंगची जागा वेगळी. त्यानंतर मास्क, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी असेल तर एन-९५ सुद्धा नीट बसत नाही.

मोल्डिंगशॉप
ठोक्याचा मुद्दा पटला. खरं आहे, आमच्याकडं पण फेटलिंग ठोक्यावरच जातं. धूळ ओढायच्या यंत्रणेचं मालकांना सांगून बघतो, खर्चाचं म्हणतील. पण सगळं मालकावर ढकलून पण चालत नाही, गिऱ्हाईक कास्टिंगचा दर वाढवून देत नाही ही पण बाजू आहे.

विद्या_समाज
@मोल्डिंगशॉप तुम्ही आत्ता जे लिहिलंत त्यालाच मिल्स ह्या समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये समाजशास्त्रीय दृष्टी म्हटलं. एका फेटलरचा खोकला ही त्याची खाजगी अडचण दिसते, पण तिचा माग काढत गेलं की ठोक्याचा दर, कास्टिंगचा भाव आणि कायद्याची अंमलबजावणी इथपर्यंत पोचतो. मानसी, तुझा प्रोजेक्ट इथंच तयार आहे बघ.

जुना_कट्टेकरी
विद्याताई, कोल्हापुरात बसून फक्त पार्सन्स-मिल्स का? आमच्या शाहू महाराजांचं नाव घ्या की. १९०२ साली २६ जुलैला पन्नास टक्के जागा राखीव ठेवायचा हुकूम काढला तो काढलाच, पण बोर्डिंगं बघा. शाळा फुकट करून खेड्यातलं पोरगं शिकत नाही, ते शहरात राहणार कुठं, जेवणार कुठं, हे त्यांनी ओळखलं आणि एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. माणसाच्या अडचणीचं मूळ कुठं आहे ते बघायची नजर ती हीच.

विद्या_समाज
@जुना_कट्टेकरी शंभर टक्के. आणि भारतातल्या समाजशास्त्राची पायाभरणी करणारे घुर्ये हे मालवणचे, आपल्या घाटाच्या खालचेच. मुंबई विद्यापीठात त्यांच्या हाताखाली एम. एन. श्रीनिवास आणि इरावती कर्वे असे लोक तयार झाले. इरावतीबाईंनी तर महाराष्ट्रभर फिरून नातेसंबंधांचा अभ्यास केला. कोण कुणाकडे राहतं, कुणाचं ऐकतं, म्हातारपणी कुणी करायचं. घरी ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचं सगळं नियोजन ह्याच प्रश्नावर उभं असतं.

पेठेतला_फुटबॉल
धागा वाढतोय तसा माझा श्वास पण वाढतोय. कुणीतरी टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) सांगा माझा.

निशा_आरटी
@पेठेतला_फुटबॉल विचारलंतच तर सांगतेच, पोरांच्या कामाचं आहे. उंचीवर ठरतो, पोटावर नाही 🙂 फुफ्फुसाचा आकार उंचीप्रमाणे असतो, वजन वाढलं म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. म्हणून आधी उंचीवरनं वजन काढायचं : पुरुषासाठी ५० अधिक, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन त्यातनं १५२.४ वजा करून ०.९१ ने गुणायचं. बायकांसाठी ५० च्या जागी ४५.५. आलेल्या किलोला एआरडीएसमध्ये (फुफ्फुसात पाणी साठून श्वास अचानक निकामी होतो तो गंभीर आजार) ६ मिलीने गुणायचं. पाच फुटांच्या बाईंना साधारण २७० मिली. त्यांचं खरं वजन ७५ किलो असेल आणि कुणी त्यावर हिशोब केला तर ४५० मिली जाणार, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट हवा आजारी फुफ्फुसात ढकलणार. २००० साली अमेरिकेतली मोठी चाचणी आली त्यात १२ मिलीच्या जागी ६ मिली दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं. म्हणून टेप घेऊन बेडवरच उंची मोजायची, अंदाज नाही करायचा.

आता बघा, बुटक्या आणि जाड बाईंनाच ह्या चुकीचा फटका सगळ्यात जास्त बसतो. हे सुद्धा मला समाजशास्त्रच वाटतं.

पंड्या_शाहूपुरी
उंचीचं एकदम बरोबर. हे मात्र मी रोज ओरडून सांगतो.

डॉक्टर_छाती
निशा, त्याच ओळीतल्या अजून दोन गोष्टी. बोटाला लावतो ते पल्स ऑक्सिमीटर गडद त्वचेवर सॅच्युरेशन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतला अभ्यास आला, त्यात मशीन ठीक दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. आपल्याकडे उन्हात काम करणाऱ्या रापलेल्या माणसाचं ९३ दिसलं आणि तो मात्र धापा टाकतोय, तर आकड्यावर नाही, माणसावर विश्वास ठेवायचा आणि एबीजी काढायचा.

दुसरं स्पायरोमीटरचं. हचिन्सन ह्या इंग्रज डॉक्टरनं १८४६ मध्ये त्यावरचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यानं वेगवेगळ्या धंद्यातल्या दोन हजारांवर लोकांची फुफ्फुसं मोजली होती. पण पुढं अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थक ह्याच यंत्राचा आधार घेऊन काळ्या लोकांची फुफ्फुसं मुळातच कमी दमाची असं सांगू लागले. त्याची सावली मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आत्तापर्यंत राहिली : वय, उंची, लिंग आणि वंश. वंश निवडला की "नॉर्मल" खाली सरकतं. २०२२ मध्ये वंश न विचारणारी नवी समीकरणं आली आणि २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनं तीच वापरावीत असं सांगितलं. मानसी, प्रॅक्टिकलला मशीनमध्ये तो चौकोन दिसला तर सरांना विचार, आपलं मशीन कुठली समीकरणं वापरतं.

सानेगुरुजी_वसाहत
मला ह्यातलं शास्त्र समजत नाही पण एक लिहावंसं वाटतं. माझ्या लेकीला दमा आहे. पंप घेते. घरातली मोठी माणसं म्हणतात पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचं. लग्नाच्या वयाची झाल्यापासून सगळ्यांचा आग्रह, पाहुण्यांसमोर पंप काढू नको. मग ती बाथरूममध्ये जाऊन घाईघाईत घेते. एकदा लग्नात नेलाच नाही पर्समध्ये आणि तिथं धाप लागली. डॉक्टर सांगतात ओळीनं रोज घे, आणि घरचे सांगतात लपवून घे. पोरीनं काय करावं?

निशा_आरटी
@सानेगुरुजी_वसाहत ताई, लेकीला सांगा पंपाची सवय वगैरे लागत नाही. गोळीपेक्षा पंपातलं औषध कितीतरी कमी मात्रेत थेट फुफ्फुसात जातं म्हणून तोच चांगला. आणि घाईत घेतलेला पंप नुसता जिभेवर बसतो. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग पंप दाबत हळू आत ओढायचा, जमेल तर दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावला तर अजून उत्तम. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची. हे सगळं बाथरूममध्ये घाईनं होत नाही, म्हणून लपवणं हाच उपचारातला सगळ्यात मोठा अडथळा आहे. लेकीला घेऊन या कधीतरी ओपीडीत, सासू-सासरे ठरतील तेव्हा त्यांना पण आणा.

विद्या_समाज
गॉफमन ह्या समाजशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये कलंकावर लिहिलं त्यात हेच आहे. ज्याचा डाग वरून दिसत नाही त्या माणसाचं सगळं आयुष्य ती माहिती कुणापासून लपवायची आणि कुणाला सांगायची ह्यात जातं. ताई, तुमच्या लेकीची धाप दम्यानं जेवढी आहे तेवढीच ह्या लपवण्यानं पण आहे.

जुना_कट्टेकरी
१९५२ चं कोपनहेगन माहीत आहे का कुणाला? पोलिओची साथ, श्वासाचे स्नायू गेलेले पेशंट शेकड्यानं, आणि लोखंडी फुफ्फुसं (पेशंटला आत झोपवून श्वास देणारी यंत्रं) हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं गळ्याला छिद्र करून नळी घातली आणि पिशवी दाबून हवा द्यायला लावली. पिशवी दाबायला कोण? वैद्यकीयचे विद्यार्थी, पाळ्या लावून, सुमारे पंधराशे पोरं. पेशंटच्या उशाशी बसून रात्रंदिवस. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथनं मानतात. पंड्या, तुझ्या धंद्याचे ते पूर्वज, आणि यंत्राच्या आधी तिथं माणसं होती.

पंड्या_शाहूपुरी
हे माहीत नव्हतं काका. भारीच. म्हणजे अँबू बॅग (श्वास द्यायला हातानं दाबायची पिशवी) हातात धरली की ते पंधराशे आठवणार आता.

पण पूर्वजांचं ठीक, आमचं काय? अजून कित्येक ठिकाणी रेस्पिरेटरी थेरपिस्ट ही पोस्टच नाही. काम आम्ही करायचं, कागदावर दुसरंच काहीतरी लिहिलेलं.

निशा_आरटी
२०२१ च्या कायद्यानं संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आला, आपली शाखा त्यात आहे, नोंदणी आणि अभ्यासक्रमाची चौकट त्याच्यातनंच येणार. पोस्ट निघायला अजून रेटा लावावा लागेल. पण मानसीच्या बॅचला आपल्यापेक्षा बरे दिवस असतील.

पन्हाळा_रोड
विषय थोडा वेगळा पण कामाचा. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद, लाइट नाही, आणि बाबांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (विजेवर हवेतनं ऑक्सिजन काढणारं यंत्र). सिलिंडर किती वेळ जाईल हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. निशाताई, हे लोकांना आधीच शिकवा.

निशा_आरटी
शिकवायलाच पाहिजे. जंबो सिलिंडर साधारण ७००० लिटरचा. मिनिटाला २ लिटर चालू असेल तर ३५०० मिनिटं, म्हणजे ५८ तासांच्या आसपास. छोटा बी टाइप १५०० लिटरचा, तो त्याच वेगानं साडेबारा तास. हा पूर्ण भरलेल्याचा हिशोब, त्यामुळं थोडा राखूनच धरायचा. कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्या प्रत्येक घरात पावसाळ्याआधी एक भरलेला सिलिंडर पाहिजे. आणि समई, उदबत्ती, गॅस लांब. रेग्युलेटरला तेल-ग्रीस अजिबात नाही. पूररेषेतल्या घरांची यादी दवाखान्याकडं पाहिजे, कुणाला पहिल्यांदा हलवायचं ते त्यावर ठरेल.

मानसी_बावडा
मंडळी, सगळं वहीत उतरवून घेतलंय. प्रोजेक्टचा विषय ठरला : पंप लपवणं. फौंड्रीचा पण घ्यावा वाटत होतं पण त्याला जास्त वेळ पाहिजे, तो शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ठेवते, तिसंगीच्या ताई तुम्ही तेव्हा बोलाल का माझ्याशी?

पंड्यादादा, झेरॉक्स नाही मारणार. पण तुमचं पण ऐकलंय, पहाटे एबीजी आणि संध्याकाळी समाजशास्त्र असं केलंय. निशाताईंच्या पद्धतीनं एक सोडवलाय, तपासा : दम्याचा अटॅक, पीएच ७.५२, सीओटू २८, बायकार्ब २२. पीएच अल्कलीकडं, सीओटू कमी, बायकार्ब अजून फारसं हललं नाही. म्हणजे अक्यूट रेस्पिरेटरी अल्कलोसिस. जोरजोरात श्वास घेतोय म्हणून सीओटू बाहेर जातोय. बरोबर?

तिसंगीची_लेक
बोलेन की. वडिलांचे जुने एक्स-रे पण आहेत, दाखवते.

विद्या_समाज
विषय चांगला आहे. पोरींशी घरच्यांसमोर बोलू नकोस, नाहीतर घरच्यांचीच उत्तरं मिळतील. आधी संमती घे, नाव-गाव-कॉलेज काही लिहू नकोस. आणि "लपवता का" असं विचारू नकोस, "शेवटचा पंप कुठं घेतला" असं विचार.

निशा_आरटी
एकदम बरोबर सोडवलंस. आता त्याच पेशंटचा दोन तासांनी परत गॅस काढला आणि सीओटू ४० आला, पीएच ७.४०. नातेवाईक खूश, नॉर्मल आलं म्हणून. पण पोरगं अजून धापा टाकतंय, वाक्य पूर्ण बोलता येत नाही, छातीतली शिट्टी पण कमी ऐकू येते. सांग, बरा होतोय का?

मानसी_बावडा
नाही! धाप तेवढीच असेल तर सीओटू कमीच असायला पाहिजे होता. ४० आला म्हणजे थकत चाललाय, हवा बाहेर टाकता येत नाहीये. शिट्टी कमी म्हणजे हवाच कमी जातीये. लगेच वरिष्ठांना बोलवायचं.

पंड्या_शाहूपुरी
नाद खुळा! पोरगी तयार आहे. इंटर्नल झाल्यावर निशाताईंना विचारून आयसीयूत ये, व्हेंटिलेटरचे ग्राफ दाखवतो, फ्लोची (हवेच्या प्रवाहाची) रेघ शून्यावर यायच्या आधी पुढचा श्वास सुरू झाला तर काय समजायचं तिथनं सुरू करू. आणि तो पंपाचा प्रोजेक्ट लिहून झाला की मला पण पाठव, आमच्या वॉर्डात दम्याच्या दोन पोरी आहेत आत्ता, त्यांच्या आयांना वाचायला देतो.